बांगड्या कुठं गेल्या? ध्वनिमुद्रणातले खटके काढण्याचा इतिहास, उजनीच्या काठावरून

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

बाहेर मोटारी चालू आहेत, त्यामुळे मागं बसलेल्यांना ऐकू येत नसेल तर हात वर करा, मी आवाज चढवतो. मोटार बंद करा असं मात्र म्हणणार नाही. एक तर रात्री किती तास वीज येते ते तुम्हाला माहीत आहे, आणि दुसरं म्हणजे आजचा विषयच मोटारीच्या आवाजाशी येऊन ठेपणार आहे.

उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली की काय होतं ते तुम्ही लहानपणापासून बघताय. पाणी मागं सरतं, गाळपेर सुरू होते, पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, कुगावकडं वाड्याच्या भिंती दिसायला लागतात. पुण्याहून गाड्या भरून लोक फोटो काढायला येतात. दगड टिकतो. धरणाचं काम १९६९ साली सुरू झालं, १९८० साली पुरं झालं. म्हणजे तेव्हापासून चाळीस-पंचेचाळीस वर्षं पाण्यात राहूनही दगड टिकला. पण त्या देवळातलं भजन, त्या वाड्यातलं जातं, नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांचं बोलणं, हे पाणी कितीही खाली गेलं तरी वर येत नाही. ते असलंच तर कुणाच्या तरी ट्रंकेत, एखाद्या कॅसेटमध्ये आहे. आणि ती कॅसेट लावली की आधी ऐकू येतो तो खटका. खट्, खर्र, खट्. मग मुलं म्हणतात, "आजोबा, हे क्लीन करून आणतो." फोनमध्ये अ‍ॅप असतं, एक बटण दाबलं की साफ.

आज त्या बटणाचा इतिहास सांगायचाय.

सुरुवात ग्रामोफोनपासून करू. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग नावाचा तंत्रज्ञ कलकत्त्यात आला आणि त्यानं गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत ओरडून सांगते, माय नेम इज गौहर जान. हे का? तर तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या माणसाला कुठल्या तबकडीवर कुणाचं नाव चिकटवायचं हे कळावं म्हणून. गाण्याच्या दृष्टीनं ती ओळ म्हणजे कचराच. तेव्हा कुणी ती कापली असती तर कुणाला वाईट वाटलं नसतं. आज रेकॉर्डी जमवणारा माणूस ती ओळ ऐकायलाच तबकडी लावतो. ही गोष्ट लक्षात ठेवा.

त्या तबकड्या कशाच्या होत्या? लाखेच्या. आपल्याकडे झाडावर जो लाखेचा किडा असतो ना, त्याच लाखेच्या. लाखेत दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि थोडा कापसाचा तंतू घालून लगदा करायचा आणि साच्यात दाबायचा. भुकटी मुद्दाम घातलेली असायची. पोलादी सुई खाचेत बसली की त्या भुकटीनं सुईच घासून खाचेच्या मापाची व्हावी असा हेतू. म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई लावा असं सांगायचे. आता दगडाच्या भुकटीवरून पोलाद घासत नेलं तर खरखर येणारच. ती खरखर जन्मजात आहे. बाळपणी आजोळी मी जुन्या तबकड्या ऐकल्या आहेत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३४-३६ च्या सुमारास निघालेल्या तबकड्यांवरची खरखर मला इतकी पाठ होती की, पुढं सीडीवर तेच गाणं स्वच्छ ऐकलं तेव्हा क्षणभर दुसरंच कुणी गातंय असं वाटलं. असो, तो माझा दोष.

खटका वेगळा. तबकडीला ओरखडा गेला की सुई दर फेऱ्याला त्या ओरखड्यावरून जाते. मिनिटाला ७८ फेरे, म्हणजे एका फेऱ्याला जवळजवळ पाऊण सेकंद. म्हणून ओरखड्याचा खटका नेमाने येतो, दर पाऊण सेकंदाला, घड्याळासारखा. जुन्या तंत्रज्ञांनी यातून एक सोपा नियम काढला: जो नेमाने येतो तो खटका, तो काढा. तबकडीपुरता हा नियम बरोबर आहे. पुढं आपण बघू, जात्यावर तो साफ उलटा पडतो.

टेप आल्यावर खटका काढायचा म्हणजे फीत हातानं मागंपुढं करून जागा शोधायची, तेवढा तुकडा ब्लेडनं कापायचा आणि टोकं चिकटवायची. एका गाण्याला दिवस जायचा. कापल्यावर गाणं तेवढं आखूड व्हायचं, तालाला कळायचं.

खरा बदल कॉम्प्युटरनं केला. अमेरिकेत युटा विद्यापीठात थॉमस स्टॉकहॅम नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी इटालियन गायक कारुसोच्या जुन्या तबकड्या घेतल्या. त्या काळी गायक कर्ण्यासमोर तोंड करून गायचा, आणि कर्ण्याचा स्वतःचा एक घुमणारा आवाज त्यात मिसळायचा. स्टॉकहॅमनी तीच गाणी गाणाऱ्या नंतरच्या गायकाचं मुद्रण शेजारी ठेवलं आणि कर्ण्यानं काय भर घातली असेल ते गणितानं वजा केलं. १९७६ साली ती तबकडी बाजारात आली. खरखर बऱ्यापैकी तशीच होती, पण माणूस डब्यातून बाहेर आल्यासारखा झाला.

याच स्टॉकहॅमची दुसरी गोष्ट आपल्या विषयाला जास्त जवळची आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कचेरीतल्या २० जून १९७२ च्या टेपमध्ये साडेअठरा मिनिटांचा भाग पुसला गेलेला होता. चुकून पुसलं गेलं असं सांगण्यात आलं. कोर्टासाठी सहा तज्ज्ञांची समिती बसली, तिच्यात स्टॉकहॅम होते. त्या साडेअठरा मिनिटांत बोलणं काहीच नाही, नुसती गुणगुण. आणि खटके. हे खटके म्हणजे रेकॉर्डरचं बटण दाबताना आणि सोडताना फितीवर उमटलेल्या खुणा. समितीनं त्या एकेक तपासल्या आणि १९७४ मध्ये अहवाल दिला की, पुसणं एकदा झालेलं नाही, किमान पाच वेळा कुणीतरी हातानं बटणं दाबली आहेत. बघा गंमत. कुणा भल्या माणसानं ती टेप आधी "क्लीन" करून दिली असती तर पुरावाच गेला असता.

१९८० च्या दशकात इंग्लंडात केंब्रिजला, राष्ट्रीय ध्वनिसंग्रहाच्या पाठिंब्यानं, खटके आपोआप काढणाऱ्या यंत्रावर काम झालं. युक्ती अशी. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापं असतात. एक हजारांश सेकंदाचा खटका म्हणजे त्यातली ४४ मोजमापं खराब. कॉम्प्युटर आधीची आणि नंतरची मोजमापं बघतो, आवाज कसा चालला होता त्याचा अंदाज बांधतो, आणि मधली ४४ नव्यानं भरतो. फाटलेल्या लुगड्याला रफू करावं तसं. बारीक भोक असलं तर रफू दिसत नाही. पण वीतभर फाटलं असेल तर? तिथं रफू करणारा नक्षी स्वतःच्या मनानं काढतो.

आता आवाज डोळ्यांनी बघण्याची गोष्ट. ती त्याहून जुनी आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बोलणं कागदावर चितारणारं यंत्र केलं. दोन-अडीच सेकंदांच्या बोलण्याचं चित्र निघायला काही मिनिटं लागायची. आडवा वेळ, उभा आवाजाचा उंच-खालपणा, आणि जिथं जोर तिथं गडद. याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. आज ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही ते चित्र क्षणात दिसतं. पुढची पायरी २००० नंतर आली: त्या चित्रावरच ब्रश घेऊन डाग पुसायचा. कापड न कापता फक्त डागाला हात. आयझोटोपचं आरएक्स हे सॉफ्टवेअर २००७ साली आलं आणि जे काम मोठ्या स्टुडिओंपुरतं होतं ते माझ्यासारख्याच्या टेबलावर आलं.

चित्रात काय दिसतं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. विजेची गुणगुण आडव्या रेघांसारखी दिसते, पन्नासवर एक, शंभरवर एक, दीडशेवर एक. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची म्हणून. माणसाचा आवाज म्हणजे एकावर एक रचलेल्या लाटा, नांगरटीच्या तासांसारख्या. आणि खटका म्हणजे खालपासून वरपर्यंत एक सरळ काठी. काठी पुसली की खटका गेला. इतकं सोपं.

इतकं सोपं म्हणूनच मी चुकलो. ते आता सांगतो.

काही वर्षांपूर्वी याच काठावरच्या, करमाळा तालुक्यातल्या एका घरातून माझ्याकडं कॅसेट आली. वर निळ्या पेनानं फक्त "आई, ओव्या" लिहिलेलं. साल नाही. घरातल्यांचं म्हणणं, पुतण्यानं टेप आणला तेव्हाची, म्हणजे १९९२ ची. जुन्या गावठाणातून निघताना बैलगाडीत जी थोडी सामग्री आली त्यात जातं होतं, आणि आई त्याच जात्यावर बसून नव्या घरात गात होती. टेपरेकॉर्डर भिंतीतल्या प्लगवर लावलेला. तुम्हाला चित्र डोळ्यांसमोर आलं असेल.

मी ती उतरवून घेतली. आधी प्लेअरच्या हेडचा तिरपेपणा बारीक स्क्रूड्रायव्हरनं जुळवला. हे सांगून ठेवतो, कारण अर्धे लोक कॅसेट "बुळबुळीत" ऐकू येते म्हणून सॉफ्टवेअर वापरतात, आणि दोष त्या एका स्क्रूचा असतो. मग चित्र काढलं. गुणगुणीच्या आडव्या रेघा होत्या, पण पन्नासवर नव्हत्या, साडेएक्कावन्नच्या आसपास होत्या. याचा अर्थ माझ्या प्लेअरवर फीत तीन टक्के जोरात पळत होती, आणि बाईंचा आवाज हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांत जेवढं अंतर असतं त्याच्या निम्म्यानं चढला होता. गुणगुण हीच मोजपट्टी. आधी ती काढली असती तर वेग कळलाच नसता. बरं, मोजपट्टीही सरळ नाही. त्या काळात आपल्या ग्रीडवर ताण इतका असायचा की पन्नासाची वीज अठ्ठेचाळीस-एकोणपन्नासवर चालायची. तसं धरलं तर आवाज जवळजवळ पुरी एक पट्टी चढलेला. मी मधला वेग धरला आणि कागदावर दोन्ही लिहून ठेवले.

मग खटके. त्यांचे प्रकार होते. काही काठ्या खूप उंच आणि गडद, आणि त्याच क्षणी गुणगुणीच्या रेघा किंचित फिकट. मोटारीचा स्टार्टर. शेतातली मोटार सुरू झाली की घरातला दिवा जरा मंदावतो ना, तेच. हे खटके मी काढले, आणि आजही काढावेत असंच म्हणेन. ऐकणाऱ्याच्या कानावर ते हातोडीसारखे पडत होते. फक्त एका ठिकाणी थांबलो. तिथं खटका लांबट होता आणि त्याच्याखाली एक अख्खं अक्षर गेलं होतं, बहुधा गावाच्या नावातलं. कॉम्प्युटरनं तिथं अक्षर भरून दिलं, छान दिलं, पण ते बाईंनी उच्चारलेलं नव्हतं. बुडालेल्या गावाचं नाव कॉम्प्युटरच्या अंदाजानं लिहायचं? तिथं मी खटका राहू दिला.

दुसऱ्या प्रकारचे खटके बटणाचे. कॅसेटच्या पहिल्या बाजूला चार ठिकाणी. म्हणजे गाणं सलग नव्हतं, चार वेळा कुणीतरी टेप थांबवला होता. निक्सनच्या टेपची गोष्ट माहीत असल्यामुळे ते मी ठेवले. एवढी अक्कल होती.

राहिले बारीक खटके. शेकड्यांनी. किनकिन, पातळ, आणि नेमाने: सेकंद-सव्वा सेकंदाला एक झुबका. मी मनात म्हटलं, नेमाने येतंय म्हणजे यंत्राचा दोष, कॅसेटचं चाक वाकडं असणार. डी-क्लिकचं बटण दाबलं. सॉफ्टवेअरनं एका झटक्यात ते शेकडो खटके काढले. जात्याची घरघर राहिली, आवाज राहिला, सगळं नितळ. मी खूश.

ती प्रत घेऊन त्यांच्याकडं गेलो. लेक, आता साठीच्या पुढची, भिंतीला टेकून ऐकत बसली. दोन ओव्या झाल्या. तिसरीला ती म्हणाली, "आवं भाऊ, आईच्या बांगड्या कुटं गेल्या ओ?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. म्हटलं, "मावशी, कुठल्या बांगड्या?"

"दळताना वाजायच्या की. तवा आमचं बापू हुतं."

घरात कुणी काही बोललं नाही. आपल्या भागात बाईच्या हातातल्या बांगड्या काढणं म्हणजे काय, ते मी या सभेत सांगायला नको. ती प्रथा बंद व्हावी म्हणून जी चळवळ झाली ती याच करमाळा तालुक्यातून उभी राहिली, आणि २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं तसा ठराव केला, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. मी माझ्या टेबलावर बसून बटण दाबून तेच केलं होतं.

घरी येऊन मूळ प्रत पुन्हा उघडली आणि चित्र मोठं करून पाहिलं. फरक तिथं होता, मी बघितला नव्हता. यंत्राचा खटका म्हणजे नुसती काठी, तिच्यामागं काही नाही. काचेची बांगडी वाजली की काठीच्या उजव्या अंगाला वरच्या बाजूला बारीक आडव्या रेघा निघतात, मोराच्या तुऱ्यासारख्या, आणि क्षणात विझतात. काच किणकिणते ती तेवढीच. आणि नेम? जात्याच्या खुंट्यावरचा हात फेऱ्यात पुढं जाऊन वळतो तिथं बांगड्या एकमेकींवर येतात. जात्याचा फेरा आणि बांगड्यांचा झुबका चित्रात बरोबर जुळत होते. तबकडीवर जो नेम ओरखड्याची खूण, तोच नेम इथं दळणाऱ्या हाताची खूण होती.

आणि आता इतिहासाचा मुद्दा, ज्यासाठी मी एवढं पाल्हाळ लावलं. त्यांचे वडील १९८९ साली वारले, ते साल घरात सगळ्यांना पाठ. हातात बांगड्या आहेत म्हणजे कॅसेट त्याच्या आधीची. १९९२ ची नव्हे. मग टेप पुतण्याचा नव्हे, दुसऱ्या कुणाचा तरी. मोठ्या मुलाला आठवलं की, धरणात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा राहिलेला एक हप्ता मिळाला तेव्हा घरात पहिला टेपरेकॉर्डर आला होता. म्हणजे ओव्या गाणारी बाई गाव सोडून फार वर्षं झालेली बाई नव्हती, गाव अजून ताजं होतं. त्या ओव्यांतले नदीचे, घाटाचे उल्लेख आठवणीतले म्हणून वाचायचे की कालपरवाचे म्हणून, ते यावर ठरतं. हे सगळं लेबलवर नव्हतं, शाईत नव्हतं. ज्याला सॉफ्टवेअर "दोष" म्हणत होतं, त्यात होतं.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजाराहून जास्त गावं, लाखाहून जास्त ओव्या, आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण. ते शब्दांवरच थांबले असते तर एक जाडजूड पुस्तक झालं असतं आणि आपण त्यालाच ओवी समजलो असतो. पण ओवी हे कामाचं गाणं आहे. दम कुठं लागतो, धान्याची मूठ घालायला ओळ कुठं थांबते, शेजारी दुसरी बाई खुंट्याला हात लावते तेव्हा आवाज कसा जाड होतो, हे मुद्रणातच राहतं. त्या मुद्रणांतला कोंबडा, रडणारं पोर, भांड्याचा आवाज काढून टाकला तर स्टुडिओत गायलेलं गाणं उरेल.

कीर्तनाच्या कॅसेटचंही तसंच. ही भीमा पुढं पंढरपूरला जाते, काठच्या घराघरात भजनाच्या कॅसेटी आहेत. त्यांच्यावर डी-क्लिक जोरात लावून बघा. पहिल्यांदा चिपळ्या बोथट होतात, मग टाळाची धार जाते, मग हलगीची काठी. शेवटी माणसाचा 'ट' आणि 'ठ'सुद्धा मऊ पडतो, कारण तोंडातला 'ट' हाही एक लहानसा खटकाच असतो. सॉफ्टवेअरला यात फरक कळावा अशी अपेक्षा नाही. त्याला शिकवलंय एवढंच की, अचानक आलेलं आणि अचानक गेलेलं ते नको असलेलं.

जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांचा यावरचा नियम साधा आहे. पहिली प्रत जशी उतरेल तशी, काहीही न काढता, चांगल्या दर्जात ठेवायची. तिला पुन्हा हात लावायचा नाही. साफसफाई दुसऱ्या प्रतीवर, आणि काय काढलं ते लिहून. मी ती पहिली प्रत ठेवली होती म्हणून बांगड्या परत आल्या. मावशींच्या घरी आता दोन प्रती आहेत. नातवंडं स्वच्छ ऐकतात, त्यात बांगड्या आहेत, स्टार्टर नाही. त्या स्वतः खरखरीची ऐकतात.

शेवटी एक प्रश्न आला होता चिठ्ठीवर, की घरी कॅसेटी आहेत, आधी काय करू. सॉफ्टवेअर नंतर. कॅसेटच्या वरच्या कडेला, जिथून फीत दिसत नाही त्या बाजूला, दोन टोकांना दोन लहान प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या पेनाच्या टोकानं मोडून टाका. मोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलं तरी ते बसत नाही, चुकून कुणी वर काही भरू शकत नाही. मग कॅसेट एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं सावकाश गुंडाळा, म्हणजे चिकटलेले पदर सुटतील. आणि ज्यांनी तो आवाज प्रत्यक्ष ऐकलाय असं घरातलं एखादं माणूस अजून असेल, तर कॅसेट उतरवताना त्यांना शेजारी बसवा.